हळूबाईंना हळू म्हणणार कोण?

हळूबाईंचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि पगाराच्या दिवसाखेरीज त्याची कुणाला आठवण होत नसे. नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात त्यांची अठ्ठावीस वर्षं गेली होती. त्यांतली शेवटची अकरा वर्षं त्या तिथल्या मुख्य सिस्टर होत्या. ‘हळूबाई’ हे नाव आपणच ठेवलं, असा दावा लादी पुसणाऱ्या मावशी करत आणि मोठे डॉक्टरही करत. दोघंही आपला हक्क सोडायला तयार नव्हते. नाव मात्र फिट्ट बसलं होतं. दिवसातून दोनशे वेळा तरी हा एकच शब्द त्यांच्या तोंडून बाहेर पडे. दार लोटणाऱ्याला हळू, स्टूल ओढणाऱ्याला हळू, पेन टेबलावर ठेवणाऱ्यालासुद्धा हळू. त्यांच्या राज्यात दार लावायचं ते असं, की खुद्द दाराला पत्ता लागता कामा नये.

घरीही तीच तऱ्हा. त्यातून नशिबाची थट्टा अशी, की नवरा मिळाला तो शाळेत कवायत शिकवणारा. मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाच्या पोराची मान सरळ करणारा आवाज आणि गळ्यात कायम शिट्टी. पोरं त्यांना शिट्टीसर म्हणत. हे शिट्टीसर घराचा उंबरा ओलांडला की मांजरासारखे चालत. हळूबाईंनी दरडावलं असेल म्हणावं, तर तसं काही नव्हतं. तीस वर्षांच्या संसारात माणूस वाकतोच. मुलगी या वळणात वाढून सासरी गेली. तिथं ती फ्रीज इतक्या हलक्या हातानं उघडायची, की सूनबाई चोरून खातात अशी सासूबाईंची पहिले सहा महिने पक्की खात्री होती.

हा सगळा हळूपणा एका जागेवरून आला होता. ती जागा म्हणजे वेळेआधी जन्मलेल्या बाळाचं फुप्फुस.

दिवस भरायच्या आत आलेल्या बाळाचं फुप्फुस म्हणजे ओल्या टिश्यूपेपरची घडी समजा. नीट उघडली तर उघडते, ओढली तर फाटते. अशा बाळाला स्वतःचा श्वास पुरत नाही, म्हणून श्वासनळीत काडीएवढी नळी घालून ती यंत्राला जोडतात. यंत्र हवा आत ढकलतं. खरी मेख इथंच असते. हवा कमी पडली तर बाळ निळं पडतं, हे कुणालाही दिसतं. जास्त गेली तर त्या क्षणी काहीच दिसत नाही. उलट बाळ छान गुलाबी होतं, पडद्यावरचा ऑक्सिजनचा आकडा चढतो आणि भोवतालची मंडळी खूश होतात. आत मात्र घडी ताणली जात असते. कधी ती फुटते आणि हवा फुप्फुसाबाहेर छातीत शिरते. कधी फुटत नाही, पण राठ होऊन बसते आणि ते मूल पुढं कित्येक महिने ऑक्सिजनच्या नळीला बांधलं जातं.

म्हणून हळूबाईंच्या खिशात औषधाचा एक चमचा असायचा. पाच मिलिलिटरचा, प्लास्टिकचा, कडा झिजलेला. नव्यानं आलेल्या प्रत्येक आईबापाला आणि डॉक्टरलाही तो दाखवला जाई. हे एवढं माप, एका श्वासाला.

त्या आठवड्यात नऊशेबाई दाखल झाल्या होत्या. वजन नऊशे ग्रॅम, म्हणून हे नाव. विभागात बाळांना वजनावरूनच हाक मारायची पद्धत होती. सत्ताविसाव्या आठवड्यात घाईघाईनं निघून आलेली ही मुलगी. फुप्फुसाच्या घड्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून पहिल्याच दिवशी नळीतून औषध सोडलं होतं. औषधानं फुप्फुस सैलावलं, यंत्राचा दाब कमी करता आला. एका श्वासाला साडेचार मिलिलिटर, म्हणजे चमचाही पुरता भरायचा नाही.

तिचा बाप टायरवाला होता. पंक्चर काढणं, हवा भरणं, चाकं बदलणं. हातांच्या रेघांत मुरलेला काळा रंग तो दारातल्या बेसिनवर दहा मिनिटं घासायचा आणि तरी आत येताना हात पाठीमागे लपवायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं पडद्यावर एक्क्याण्णव पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. शंभरातले एक्क्याण्णवच का, असं त्याचं म्हणणं होतं. गाडी दुकानात आली आणि आपण हवा कमी भरून पाठवली, तर गिऱ्हाईक चारचौघांत उद्धार करतं. इथं एवढं मोठं यंत्र आहे, मग जरा जास्त सोडायला काय हरकत?

हळूबाईंनी चमचा काढून त्याच्या हातावर ठेवला.

“एवढीच हवा. एका श्वासाला.”

त्यानं चमचा उलटसुलट करून बघितला. त्याच्या दुकानातल्या सायकलच्या व्हॉल्व्हमध्ये याहून जास्त मावत असेल, असं काहीतरी तो पुटपुटला.

“ट्यूबमध्ये जास्त भरली तर काय होतं?” हळूबाईंनी विचारलं.

“फुगा येतो. नाहीतर फुटते.”

“मग तुम्ही काय करता?”

“पॅच लावतो.”

“आमच्याकडे पॅच नाही.”

टायरवाल्यानं चमचा परत दिला. त्यानंतर बाहेरच्या बाकावर ज्या नातेवाइकांना आकडा कमी का याची काळजी लागे, त्यांना तोच ऐकवू लागला. जास्त हवा वाईट, पॅच नाही, गप बसा. तोंडानं बोलणारी नोटीसच बाहेर लागल्यासारखी झाली.

विभागात तेव्हा एक नवीन डॉक्टरीणही आली होती. जेमतेम अडीच महिने झाले होते. पहिल्याच दिवशी गंजून बसलेली सिलिंडरची चावी तिनं एका हातानं फिरवली. त्याआधी दोन धट्टेकट्टे वॉर्डबॉय त्या चावीशी झटून थकले होते. तेव्हापासून ती पैलवान. हुशार होती, मनानं लोण्यासारखी होती, पण हात म्हणजे हातोडा. रबरी बाहुलीवर श्वास द्यायचा सराव करताना तिनं पहिल्या दिवशी बाहुलीची छाती अशी उठवली, की मावशी म्हणाल्या, बाहुली उठून पाणी मागेल आता. हळूबाईंनी तिला रोज दुपारी पंधरा मिनिटं बाहुलीपुढं बसवलं. अंगठा आणि दोन बोटं, बस. तळहात बॅगेला लागला की टोमणा बसायचा.

“डॉक्टर, कणीक नाही मळायची. छाती हलली की नाही असा संशय आला पाहिजे, इतकीच हलवायची.”

बॅग म्हणजे मुठीत मावणारा रबरी फुगा. यंत्र बिघडलं, बाळाला हलवायचं असलं, की हाच फुगा नळीला जोडून हातानं दाबायचा. त्यावर दाब दाखवणारा एक छोटा काटा लावता येतो. विभागात असे तीन काटे होते आणि ते कप्प्यात असत. लावायचे ते इतरांसाठी. हळूबाईंच्या बोटांना काट्याची गरज नाही, असं सगळेच म्हणत. हळूबाई हे ऐकून हसत आणि कुणाचं म्हणणं खोडून काढत नसत. माणसाला थोडीफार हौस असतेच.

बॅगेबाबत त्यांनी स्वतः घालून दिलेला एक नियम होता. एकानं दाबायचं, दुसऱ्यानं छातीकडं बघायचं. छाती जास्त उठली की बघणाऱ्यानं ‘हळू’ म्हणायचं, मग दाबणारा कुणीही असो. आणि ज्याला म्हटलं त्यानं राग धरायचा नाही. या नियमापायी एकदा नव्या नर्सनं खुद्द मोठ्या डॉक्टरांना ‘हळू’ म्हटलं होतं आणि ते लाल होऊन ‘बरं’ म्हणाले होते. नियम सगळ्यांना लागू होता. अठ्ठावीस वर्षांत हळूबाईंना मात्र तो शब्द कुणी ऐकवला नव्हता. तशी वेळच आली नव्हती.

आता विभागात जे कुणालाच ठाऊक नव्हतं ते सांगायला हवं. गेले चार महिने हळूबाईंच्या उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं बधिर व्हायला लागली होती. सकाळी उठल्यावर तर ती बोटं शेजाऱ्याकडून मागून आणल्यासारखी वाटत. मग हात झटकला, चोळला, की परत येत. एके दिवशी स्वयंपाकघरात त्यांच्या हातून कप पडला. त्या घरात भांड्याचा एवढा आवाज कधी झालाच नव्हता. शिट्टीसर बाहेरच्या खोलीतून काठी घेऊन धावत आले. त्यांना वाटलं, कुणी परका माणूस घरात शिरला.

“डॉक्टरला दाखव,” ते म्हणाले.

“दिवसभर डॉक्टरांतच असते की मी.”

“ते बाळांचे डॉक्टर. तू त्यांच्या मापात बसत नाहीस.”

हळूबाईंनी विषय बदलला. कारण साधं होतं. त्यांच्या आधीच्या मुख्य सिस्टरचा खांदा धरला, तेव्हा त्यांना तळमजल्यावर चादरींच्या कोठारात बसवलं होतं. जाताना त्या सगळ्यांना हसून भेटल्या आणि नंतर जिन्यात रडल्या. हळूबाईंनी ते पाहिलं होतं. हात गेला, तर आपण इथं कोण? ‘हळू’ म्हणणारी एक म्हातारी, एवढंच. म्हणून त्या हात पदराआड ठेवावा तसा खिशात ठेवू लागल्या, चमच्याच्या सोबतीला.

मंगळवारी साडेअकराला नऊशेबाईंचं यंत्र बंद पडलं.

आधी पडदा गोठला. मग कर्कश आवाज सुटला आणि तोही मध्येच तुटला. त्यानंतर जी शांतता पसरली ती हळूबाईंना आवडणाऱ्यांतली नव्हती. बाळाला उबेत ठेवायच्या काचेच्या पेटीत नऊशेबाईंची छाती हलायची थांबली होती. हळूबाई शेजारच्याच पेटीपाशी होत्या. विचार करायच्या आत त्यांचा हात पोचला होता. यंत्राची नळी सोडली, बॅग जोडली, अंगठा आणि दोन बोटं लागली. मावशी दुसरं यंत्र आणायला खालच्या मजल्यावर पळाल्या. फोन झाले. यंत्र वर आणून, नळ्या जोडून, तपासून लावायला बारा मिनिटं लागतील असं कळलं. पैलवान समोर येऊन उभी राहिली. नियमाप्रमाणं, छातीकडं बघायला.

काचेपलीकडं टायरवाला उभा होता. हळूबाईंच्या हातात बॅग आहे हे पाहून विभागातल्या इतर सिस्टर आपापल्या बाळांकडं वळल्या. एखादा उत्तम ड्रायव्हर स्टिअरिंगवर असला की मागचे प्रवासी डोळे मिटतात, तसं. कप्प्यातला काटा काढायचं कुणाच्याच मनात आलं नाही, हळूबाईंच्याही नाही.

एक, दोन, तीन, दाबा. एक, दोन, तीन, दाबा. ऑक्सिजनचा आकडा चौऱ्याऐंशीपर्यंत घसरला होता तो सावरला. नव्वद, चौऱ्याण्णव, सत्याण्णव. मावशी धापा टाकत परत आल्या, यंत्र लिफ्टमध्ये चढवलंय म्हणाल्या आणि पडद्याकडं बघून त्यांनी छातीवर हात ठेवला.

“नव्याण्णव झालं. हळूबाईंचा हात तो.”

हळूबाई मनात मोजत होत्या. त्यांना समोर पैलवानचा चेहरा दिसत होता. तिचे ओठ उघडले आणि मिटले. पुन्हा उघडले, पुन्हा मिटले. घाबरलीय बिचारी, हळूबाईंना वाटलं. इतक्या लहान बाळाचं यंत्र बंद पडलेलं पहिल्यांदाच बघतेय. त्यांनी धीर द्यायला मान हलवली आणि बॅग दाबली.

“हळू,” पैलवान म्हणाली.

आवाज इतका बारीक, की तो त्या अंगाचा वाटलाच नाही. पण मावशींनी ऐकला. शेजारच्या पेटीवरच्या सिस्टरनं मान वर केली. पैलवानच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. पण तिनं नजर छातीवरून हलवली नाही.

हळूबाईंच्या अंगातून आधी सरसरून राग गेला. खोटं कशाला सांगायचं? अडीच महिन्यांची ही पोर, हिची बोटं मी एकेक करून बॅगेवर ठेवायला शिकवली, आणि ही मला म्हणते. पुढचा श्वास द्यायला बोटं मिटली आणि तेव्हा त्यांनी पहिल्यांदा पडद्याकडं न बघता छातीकडं पाहिलं.

छाती उठत होती. चांगली टचटचीत, बरगडी-बरगडी मोजून घ्यावी अशी. झोपलेल्या मोठ्या माणसाची उठावी तशी.

त्यांनी दाब कमी केला. छाती हललीच नाही. जरा वाढवला, ती पुन्हा टम्म फुगली. आणि बोटांकडून काही बातमीच येत नव्हती. हातात बॅग आहे हे डोळ्यांना दिसत होतं, पण बोटं दूरगावी गेली होती. कधीपासून? पहिल्या श्वासापासून? वीस श्वास? पन्नास?

“डॉक्टर, तुम्ही घ्या,” हळूबाई म्हणाल्या.

“मी?”

“माझ्या बोटांना कळत नाहीये.”

चार महिने नवऱ्यापासूनही अर्धं लपवलेलं वाक्य असं सगळ्यांदेखत, दोन श्वासांच्या मध्ये बोलून झालं. पैलवाननं बॅग घेतली. हळूबाईंनी मावशींना कप्प्यातला काटा द्यायला सांगितला. काटा जोडला आणि त्या पैलवानच्या जागी, छातीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

पैलवाननं बॅग दाबली. पहिल्या श्वासाला काटा सव्वीसवर गेला.

“हळू.”

बावीस.

“हळू. तळहात काढा. बाहुलीच आहे असं समजा.”

अठरा. छाती हलली की नाही, असा संशय आला.

“हां. एवढंच. आता असंच.”

ती उरलेली सात मिनिटं भिंतीवरच्या घड्याळातून जात नव्हती, ओढून काढावी लागत होती. पैलवानच्या कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यावर आला आणि तिथं लोंबत राहिला. मावशींनी तो न विचारता पुसला. काटा अठरावर जाऊन परत येत होता. हळूबाईंचं लक्ष छातीवर होतं, पण मन त्या काट्यात अडकलं होतं. आपण दाबत होतो तेव्हा तो कुठं गेला असता? तीस? पस्तीस? आपला आकडा किती होता, हे आता कुणालाच कधी कळणार नव्हतं.

दुसरं यंत्र आलं, लागलं, चालू झालं. साडेचार मिलिलिटर. आकडा एक्क्याण्णववर टेकला. सगळ्यांनी अंग सैल सोडलं. आणि पाच मिनिटांत तो आकडा घसरायला लागला.

अठ्ठ्याऐंशी. चौऱ्याऐंशी. एकोणऐंशी.

“दिवा आणा,” हळूबाई म्हणाल्या.

भर दुपारी पडदे ओढले गेले, वरच्या ट्यूबलाइट बंद झाल्या. या विभागात दिवा म्हणजे लेखणीएवढा, थंड प्रकाशाचा. तो बाळाच्या छातीला टेकवतात. फुप्फुस धड असलं तर टोकाभोवती प्रकाशाचं लहानसं वर्तुळ दिसतं. फुप्फुस फुटून हवा बाहेर आली असली, तर ती सगळी बाजू कंदिलासारखी आतून उजळून निघते.

हळूबाईंनी तो कंदील एकदा पाहिला होता. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, त्यांच्याच हाताखाली. तेव्हा त्यांना कुणी हळू म्हटलं नव्हतं, कारण तेव्हा ते म्हणायची रीतच नव्हती. बाळ गुलाबी झालं म्हणून सगळ्यांनी त्यांचं कौतुक केलं होतं. मग दिवा टेकवला आणि ती इवली छाती एखाद्या सजवलेल्या खोलीसारखी उजळली. इतकं सुंदर आणि इतकं भयंकर असं त्यांनी पुन्हा काही पाहिलं नाही. ते बाळ संध्याकाळपर्यंत होतं. हळूबाईंचा हळूपणा त्या दिवशी जन्मला.

पैलवाननं दिवा नऊशेबाईंच्या उजव्या बाजूला टेकवला.

शर्टाच्या बटणाएवढं वर्तुळ. तेवढंच.

डाव्या बाजूला टेकवला. हळूबाईंना बघवेना, तरी त्यांनी बघितलं. बटण. तेवढंच.

“फुटलेलं नाही,” पैलवान म्हणाली. मग तिनं नळीला कान लावावा तशी मान झुकवली, छातीवर स्टेथोस्कोप ठेवला आणि नळीत चिकटा अडकल्याचं सांगितलं. सुतासारखी बारीक नळी आत सरकवून तिनं तो ओढून काढला. तांदळाच्या दाण्याएवढा पांढरट गोळा. एवढ्याशा दाण्यानं सात माणसांचं रक्त आटवलं होतं. ऐंशी, शहाऐंशी, एक्क्याण्णव. पडदे उघडले. उन्हात सगळ्यांचे चेहरे तापातून उठल्यासारखे दिसले.

हळूबाई स्टूलवर बसल्या. बसताना स्टूल कर्रकन वाजलं आणि त्यांना कुणी काही म्हटलं नाही.

मग त्या उठून काचेबाहेर गेल्या. टायरवाला भिंतीला टेकून उभा होता, हात पाठीमागे लपवायचं विसरून. त्यांनी त्याला सगळं सांगितलं. यंत्र बंद पडलं, नळीत चिकटा अडकला, काढला. आणि मधले काही श्वास आपल्या हातून जास्त गेले, कारण हाताला कळत नव्हतं. फुप्फुस फुटलेलं नाही, पण दोन दिवस डोळ्यांत तेल घालून बघावं लागेल.

टायरवाल्यानं एका कारागिरानं दुसऱ्याला विचारावं तसं विचारलं.

“गेज नव्हता लावला?”

“नाही.”

त्यानं आपल्या काळ्या बोटांकडं पाहिलं.

“आम्हीपण नाही लावत. टायर दाबून सांगतो, हाताला कळतं म्हणून.” मग तो म्हणाला, “लावीन आता.”

हळूबाईंना वाटलं होतं तो ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

मोठ्या डॉक्टरांना त्यांनी त्याच दुपारी सांगितलं, हात पुढं करून, शाळेत छडी घ्यायला करावा तसा. मोठ्या डॉक्टरांनी हाताकडं बघितलं, मग त्यांच्याकडं. चार महिने लपवलं याबद्दल ते बरंच बोलले, आणि ते सगळं बरोबर होतं. शेवटी हाताच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहून दिली. मनगटातली नस दबली होती. आयुष्यभर ज्या दाबाशी भांडल्या, त्यानं त्यांना असं मनगटात गाठलं. शिट्टीसरांना हे कळलं, तेव्हा ते घरात तीस वर्षांत पहिल्यांदा मोठ्यानं बोलले. आणि मग बायकोचा हात हातात घेऊन बसून राहिले.

ते दोन दिवस हळूबाई नऊशेबाईंच्या पेटीपासून हलल्या नाहीत. बॅगेला हात लावला नाही, नुसत्या बघत राहिल्या. तिसऱ्या दिवशी यंत्राचा दाब आणखी उतरवता आला, तेव्हा त्यांनी घरी जाऊन पोटभर जेवून घेतलं. सहाव्या दिवशी नऊशेबाईंची नळी निघाली. आता श्वास त्यांचा त्यांनी घ्यायचा, फक्त नाकातून हलका दाब द्यायचा. त्या दाबासाठी नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या पाण्यात पाच सेंटिमीटर बुडवून ठेवतात. पाण्यातून बुडबुडे येत राहिले की दाब नीट आहे.

टायरवाला आत आला, त्यानं बाटलीकडं पाहिलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याच्या आयुष्यात पाण्यात बुडबुड्यांचा अर्थ एकच होता.

“ताई, पंक्चर आहे.”

पैलवान तोंडावर हात दाबून पेटीमागं खाली बसली. हळूबाईंनी त्याला गंभीरपणे समजावलं, की इथं उलटं असतं, बुडबुडे थांबले तर बोंब मारायची. मग तो रोज दहा मिनिटं ते बुडबुडे बघत बसायचा. मन मोठं करूनच, कारण धंद्याच्या दृष्टीनं ते त्याला शेवटपर्यंत पटलं नाही. अडीच महिन्यांनी नऊशेबाई दोन किलोच्या होऊन, ऑक्सिजनच्या नळीशिवाय, आईच्या कुशीत घरी गेल्या. बापानं विभागाला निरोपाची भेट म्हणून टायरमधली हवा मोजायचा एक चकचकीत गेज दिला. त्याचा तिथं काडीचाही उपयोग नव्हता. तो कप्प्यात काट्यांच्या जागी ठेवला आहे. काटे आता बॅगांना कायमचे लावलेले असतात, कुणाच्याही हातात बॅग असो.

हळूबाईंचं मनगटाचं ऑपरेशन झालं. बोटं बरीचशी परतली, सगळी नाहीत. चादरींच्या कोठारात त्यांना कुणी पाठवलं नाही. बाळाच्या बॅगेला हात लावायचा नाही, असं त्यांनीच सांगून टाकलं, आणि आता त्या फक्त बाहुलीवर शिकवतात.

पहिला धडा नेहमी एकच असतो. नव्या सिस्टर, नवे डॉक्टर बाहुलीभोवती गोळा होतात. ही बाई कोण, तिचा हात कसा, हे त्यांनी बाहेर ऐकलेलं असतं. हळूबाई बॅग उचलतात, तळहात लावतात आणि कणीक मळल्यासारखी दाबतात. बाहुलीची छाती टम्म फुगते. मुलं एकमेकांकडं बघतात. कुणाचे ओठ उघडतात, मिटतात. हळूबाई पुन्हा दाबतात. आणखी जोरानं. कुणीतरी खोकतं. एकदा तर असे पाव तास गेले आणि बाहुलीच्या छातीचा सांधा निघाला. कोपऱ्यात हाताची घडी घालून उभ्या असलेल्या पैलवाननं हूं की चूं केलं नाही. तिला मदत करायला सक्त मनाई असते.

कुणीतरी खाली मान घालून तो शब्द म्हणेपर्यंत हळूबाई दाबत राहतात. धडा त्यानंतर सुरू होतो.